टूरिंग बाईकचे स्पीकर आणि अँप्लिफायर अपग्रेड करताना: वॅट, बॅटरी, वायरिंग आणि कान यांचा खरा हिशोब

बाईकवर लांब जायचं आणि सोबत गाणी हवीत, हा शौक आता मोठ्या शहरापुरता राहिलेला नाही. आमच्या महागावातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर सुट्टीच्या दिवशी उभं राहिलात, तर यवतमाळकडून नांदेडकडे जाणाऱ्या दर काही बाईकमागे एकीच्या हँडलवर स्पीकर दिसेल. मीही बसवला होता. आणि पहिल्याच मोठ्या फेरीत चांगलाच फसलो होतो.

झालं असं. आईला माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला घेऊन गेलो. दुपारी एकच्या सुमारास पोचलो, गाडी खाली लावली, चावी खिशात टाकली. दर्शन, जेवण, ओळखीच्यांकडे चहा असं करत परत यायला रात्रीचे आठ वाजले. सेल्फ मारला तर नुसता 'टक्' आवाज. गाडीला किक नाही. ढकलून पाहिली, पण फ्यूल इंजेक्शनची गाडी. पंपालाच करंट नाही तर पेट्रोल येणार कुठून? शेवटी एका टेम्पोवाल्या काकांनी त्यांच्या बॅटरीवरून वायर लावून दिली, तेव्हा गाडी चालू झाली. तोवर आई दीड तास एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून होती.

घरी येऊन मल्टिमीटर लावला. अँप्लिफायर मी थेट बॅटरीला जोडला होता. गाणी बंद असली, चावी काढली, तरी तो आणि त्याचा ब्लूटूथ बोर्ड मिळून ०.४ अँपिअर खात होते. सात तासांत जवळपास ३ अँपिअर-अवर गेले. बॅटरी ८ अँपिअर-अवरची, त्यात तीन वर्षं जुनी. काय होणार दुसरं?

त्या दिवसानंतर सगळं काढलं आणि नीट शिकून पुन्हा बसवलं. ते शिकलेलं या लेखात क्रमाने देतो. एका ओळीत सांगायचं तर: आवाज किती मिळेल हे खोक्यावरचे वॅट ठरवत नाहीत, तुमच्या गाडीचं चार्जिंग, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी आणि वायरिंग ठरवतं.

टूरिंग बाईकवर गाणी आली कुठून?

होंडाची गोल्डविंग १९७५ मध्ये बाजारात आली. पुढे तिला वारा अडवणारं मोठं फेअरिंग मिळालं आणि १९८० च्या दशकात त्या फेअरिंगमध्ये रेडिओ, कॅसेट आणि स्पीकर दिसू लागले. हार्ले-डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्यांवरही हेच घडलं. तिकडे अपग्रेड म्हणजे साधारणपणे फेअरिंगमधले साडेसहा इंची स्पीकर बदलणे, मागच्या डिकीच्या झाकणात आणखी दोन बसवणे आणि चार चॅनलचा अँप्लिफायर लावणे.

आपल्याकडे फरक असा की बहुतेकांच्या गाडीला फेअरिंगच नसतं. ३५० सीसीची क्रूझर किंवा १५०-२०० सीसीची बाईक, उघडं हँडल, लहान बॅटरी. त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून तेच सामान मागवलं तर ते आपल्या गाडीला झेपत नाही. नियम मात्र दोन्हीकडे सारखेच लागू होतात.

खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट

ऑनलाइन शोधलं की '५०० वॅट', '१००० वॅट' असे मिनी अँप्लिफायर दिसतात. हा आकडा खरा की खोटा हे घरबसल्या तपासता येतं.

पहिली तपासणी फ्यूजची. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. अँप्लिफायरवर १० अँपिअरचा फ्यूज असेल आणि गाडी १४ व्होल्ट देत असेल, तर तो आत जास्तीत जास्त १४० वॅट घेऊ शकतो. आत १४० जात असतील तर बाहेर १००० कसे येतील? खरोखर १००० वॅट हवे असतील तर ७० अँपिअरच्या वर करंट लागेल. आपल्या बाईकची पूर्ण वायरिंग त्यात जळून जाईल.

दुसरी तपासणी स्पीकरच्या ओहमची. साधा १२ व्होल्टचा ब्रिज प्रकारचा अँप्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला किती देईल? व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमच्या दुपटीने भागा. १४ गुणिले १४ म्हणजे १९६, भागिले ८, म्हणजे साधारण २४ वॅट. हे कागदावरचं. आतलं नुकसान वजा केलं की एका चॅनलला १८ ते २० वॅट स्वच्छ मिळतात. याहून जास्त हवे असतील तर अँप्लिफायरच्या आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट लागतं, जसं कारच्या मोठ्या अँप्लिफायरमध्ये असतं. ते फुकट मिळत नाही, तेवढा जास्त करंट गाडीकडूनच ओढला जातो.

म्हणून खोक्यावर 'आरएमएस' वॅट किती लिहिलेत ते बघा. 'पीएमपीओ', 'पीक', 'मॅक्स' हे आकडे सोडून द्या.

आधी गाडीचं बजेट काढा

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी आणि अल्टरनेटर म्हणजे नळ. टाकी मोठी केली तरी नळ बारीक असेल तर टाकी भरणार नाही. नुसती मोठी बॅटरी टाकून प्रश्न सुटत नाही तो म्हणूनच.

तुमच्या गाडीचा अल्टरनेटर किती वॅटचा आहे ते ओनर्स मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून कळतं. मग खर्च मांडा. समजा तो २०० वॅटचा आहे:

- हेडलाइट: हॅलोजन असेल तर ५५ ते ६० वॅट. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटनच नाही, त्यामुळे हा खर्च दिवसाही चालू असतो.
- टेललाइट, मीटर वगैरे: १० वॅट.
- फ्यूल पंप, इंजेक्टर, स्पार्क: ५० ते ६० वॅट. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यानंतरच्या जवळपास सगळ्या गाड्यांना हा खर्च आहे.
- बॅटरी परत भरायला: ३० वॅट राखून ठेवा.
- मोबाइल चार्जर: १० ते १५ वॅट.

उरले २५ ते ४५ वॅट. आणि हेही गाडी चांगल्या आरपीएमवर असताना. गावातून हळूहळू जाताना किंवा पोळ्याच्या गर्दीत अडकल्यावर अल्टरनेटर याहून कितीतरी कमी देतो.

मग २ गुणिले २० वॅटचा अँप्लिफायर बसतो का? बसतो. कारण गाणं सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही. ढोलाचा ठोका पडला की क्षणभर २० वॅट लागतात, बाकी वेळ दोन-चार वॅटवर काम भागतं. पण याच्या वर गेलात की उधारी सुरू झाली समजा.

मल्टिमीटर असेल तर हे तीन आकडे तपासा:

- गाडी काही तास बंद: १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी रिकामी.
- गाडी चालू, थोडी रेस देऊन: साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट.
- गाणी मोठ्याने, हेडलाइट चालू: रेस देऊनही १३ च्या खाली राहत असेल तर तुमचा अँप्लिफायर बॅटरीतून खातोय. तो लहान करा.

स्पीकर: इथे पैसे घाला

बहुतेक जण आधी अँप्लिफायर बदलतात. मी उलटं सांगेन. आधी स्पीकर बदला.

स्पीकरच्या माहितीत 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ८५ डेसिबलचा स्पीकर काढून ९१ डेसिबलचा बसवला, तर अँप्लिफायर चौपट मोठा केल्याइतका फायदा झाला. आणि बॅटरीवर एका वॅटचाही जादा भार नाही!

आणखी चार गोष्टी बघा:

- ओहम: अँप्लिफायर ४ ओहमचा असेल तर एका चॅनलला ४ ओहमचा एकच स्पीकर. दोन समांतर जोडले की २ ओहम होतात, अँप्लिफायर तापतो आणि बसतो.
- डबा: उघड्या स्पीकरचा पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतो, बेस गायब होतो. मागून बंद डबा असलेला पॉडच घ्या.
- पाणी आणि धूळ: 'आयपी' नंतरचा पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. 'आयपी ६६' म्हणजे धूळबंद आणि जोरदार फवारा झेलणारा. 'आयपीएक्स ६' मध्ये एक्स म्हणजे धुळीची माहितीच दिलेली नाही. सोयाबीनच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर जी धूळ उडते, ती बघता मी पहिला अंक सोडत नाही. कागदी कोनऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा कोन पावसात टिकतो.
- दिशा: बारीक आवाज सरळ रेषेत जातो. स्पीकर पोटाकडे वळलेला असेल तर शब्द कळत नाहीत. तो तोंडाकडे वळवा.

तीन-चार इंचाच्या स्पीकरकडून डीजेचा बेस मागू नका. खालचा बेस त्याच्याकडे पाठवला की कोन फडफडतो आणि करंट वाया जातो. अँप्लिफायरवर 'हाय पास' असेल तर १०० ते १२० हर्ट्झवर लावा. नसेल तर ४ ओहमच्या प्रत्येक स्पीकरच्या प्लस वायरमध्ये ३३० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर टाका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो. मी तेच केलं, आणि त्याच आवाजाच्या पातळीला फडफड थांबली.

अँप्लिफायर: क्लास डी घ्या

जुन्या पद्धतीचे क्लास एबी अँप्लिफायर जोरात वाजताना घेतलेल्या विजेतली निम्म्याच्या आसपास उष्णतेत घालवतात. क्लास डी मध्ये ८५ टक्क्यांच्या पुढे वीज स्पीकरपर्यंत जाते. बाईकवर वीज कमी आणि सीटखाली हवा नाही, त्यामुळे इथे क्लास डी लाच पसंती द्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ सारख्या चिपवर बनलेले लहान बोर्ड आपल्याकडे सर्रास मिळतात. त्यावर लिहिलेले '२ गुणिले ५० वॅट' हे २१ व्होल्टच्या आसपासचे आहेत. आपल्या १२-१४ व्होल्टवर वरच्याच हिशोबाने २० च्या जवळपास धरा.

एक महत्त्वाचं: ब्रिज प्रकारच्या अँप्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. स्पीकरची मायनस वायर गाडीच्या बॉडीला जोडली की अँप्लिफायर गेलाच म्हणून समजा. जुन्या रेडिओच्या सवयीने काही मिस्तरी एकच वायर ओढतात आणि दुसरी बॉडीला देतात. तसं करू देऊ नका.

यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. उन्हात उभ्या गाडीचं सीट हात लावू देत नाही, त्याखाली अँप्लिफायर आहे हे लक्षात ठेवा. तो इंजिन आणि सायलेन्सरपासून दूर, कपड्यात न गुंडाळता, धातूच्या पट्टीवर घट्ट बसवा.

वायरिंग: स्टेप बाय स्टेप

१. बॅटरीची आधी मायनस वायर काढा. जोडताना ती सगळ्यात शेवटी जोडा.

२. बॅटरीच्या प्लसवर थिंबल लावून वायर घ्या आणि १५-२० सेंटिमीटरच्या आत ब्लेड फ्यूज बसवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो लांब बसवला तर बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा उघडाच राहतो. वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तो लाल होऊन पेट घेतो, आणि वरच पेट्रोलची टाकी आहे.

३. फ्यूज किती? २ गुणिले २० म्हणजे ४० वॅट, भागिले ०.८५ म्हणजे ४७ वॅट, भागिले १३.५ व्होल्ट म्हणजे साडेतीन अँपिअर. म्हणून ५ अँपिअरचा फ्यूज. उडाला तर कारण शोधा. १५ चा टाकून मोकळे होऊ नका.

४. वायर १.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, बारीक तारांची मऊ वायर घ्या. दोन चाकांवर कंपन असतं, घरातली कडक वायर तुटते.

५. रिले लावा. माझी माहूरची चूक इथे सुटते. चार पिनचा साधा १२ व्होल्टचा रिले: ३० नंबरला फ्यूजमधून आलेली बॅटरीची प्लस, ८७ नंबरला अँप्लिफायर, ८५ नंबर बॉडीला, आणि ८६ नंबरला चावी लावल्यावरच करंट येणारी वायर. चावी बंद म्हणजे अँप्लिफायर पूर्ण बंद.

६. अँप्लिफायरची मायनस थेट बॅटरीच्या मायनसला न्या. रंगवलेल्या बॉडीवर दिली की गाण्यात इंजिनचा 'कूंई' आवाज येतो.

७. हँडलकडे जाणाऱ्या वायरी कोनसेटजवळून ढिल्या सोडा. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून बघा. वायर ताणली जाऊ नये, ब्रेकच्या पाइपला आणि अॅक्सिलरेटरच्या केबलला स्पीकर लागू नये.

८. जोडांवर सोल्डर किंवा थिंबल आणि वर स्लीव्ह. नुसती पिळून टेप मारलेली वायर पहिल्या पावसात हिरवी होते.

सगळं झाल्यावर चावी काढून मल्टिमीटर अँपिअरवर ठेवा आणि बॅटरीच्या मायनसमध्ये जोडा. आकडा ०.१ अँपिअर जरी आला, तरी ८ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी ४० तासांत अर्धी होईल. म्हणजे दोन दिवस गाडी उभी, की सेल्फ गेला.

मोबाइलची सेटिंग

मोबाइलचा आवाज ७५-८० टक्क्यांवर ठेवा. अँप्लिफायरचा गेन शून्यापासून हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. तीच तुमच्या सिस्टिमची मर्यादा. इक्वलायझरमध्ये बेस ६ डेसिबलने वाढवला, तर त्या भागासाठी अँप्लिफायरला चौपट वॅट लागतात. म्हणून बेस वाढवण्यापेक्षा बाकीचं थोडं कमी करा. ब्लूटूथचा कोडेक कोणता, यावर बाईकवर डोकं खपवू नका. वाऱ्यात फरक कळत नाही.

मोबाइल हँडलला क्लॅम्पने लावत असाल तर एक सावधगिरी. मोठ्या इंजिनच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते, असा इशारा अॅपलने २०२१ मध्ये दिला होता. अशी कॅमेरा यंत्रणा असलेल्या इतर मोबाइललाही तीच काळजी लागू होते. कंपन शोषणारा माउंट घ्या किंवा मोबाइल खिशात ठेवा.

वारा, कान आणि कायदा

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज साधारण ९५ ते १०० डेसिबल असतो. त्याच्या वर गाणं ऐकू यायचं तर स्पीकरला आणखी जोर लावावा लागेल. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल ८ तास चालतं, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. रात्री झोपताना कानात शिट्टी वाजत असेल, तर ती धोक्याची घंटा समजा.

म्हणून माझा नियम साधा आहे: ताशी ५०-६० पर्यंत जेवढं ऐकू येतं तेवढंच ऐकायचं. वेग वाढला आणि गाणं वाऱ्यात हरवलं, तर हरवू द्यायचं. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणं जास्त गरजेचं.

कायदाही माहीत असू द्या. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी पातळी ठरलेली आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचे नियम मोडल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही ३ महिने अडकू शकतं. कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना बदलता येत नाही. त्यासाठी कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलाला ५ हजारांचा दंड होऊ शकतो. त्यामुळे फ्रेम, हँडल, हेडलाइटचा साचा काहीही कापू नका. मूळ वायरिंग न तोडता, कधीही काढता येईल असं काम करा. वॉरंटीचा वादही त्यामुळे टळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

१०० सीसीच्या गाडीवर अँप्लिफायर बसवू का?
नको. बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही लहान. स्वतःची बॅटरी असलेला आयपी ६७ चा ब्लूटूथ स्पीकर घट्ट बांधा, घरी चार्ज करा.

लिथियम बॅटरी टाकली तर?
वजन कमी होईल, पण नळ तोच आहे. शिवाय गाडीचा चार्जर तिला चालतो का ते आधी तपासावं लागतं.

इअरबड घालून चालवू का?
नको. कान पूर्ण बंद होतात, मागची गाडी कळत नाही.

मिस्तरीकडून करून घेताना काय सांगू?
तीनच गोष्टी: फ्यूज बॅटरीजवळ, रिले चावीवर, स्पीकरची कुठलीच वायर बॉडीला नाही. काम झाल्यावर या तिन्ही डोळ्यांनी बघा.

शेवटी

माझ्या गाडीवर आता २ गुणिले २० वॅटचा क्लास डी अँप्लिफायर, ९० डेसिबलचे दोन बंद पॉड, एक रिले आणि ५ अँपिअरचा एक फ्यूज आहे. आधीच्या '५०० वॅट'वाल्यापेक्षा आवाज मोठा आणि साफ आहे. यंदाही आईला माहूरला घेऊन गेलो. संध्याकाळी खाली आलो तर गाडीत बसण्याआधी तिने विचारलं, "चालू होते ना रे?" एका सेल्फमध्ये झाली. गाणी मात्र तिने पैनगंगेच्या पुलापर्यंत बंदच ठेवायला लावली.